तोड्यांच्या तारा

धाड, ता. १४ मार्च १९४३

नमस्कार. तो रीत म्हणून लिहिला आहे, मनापासूनचा समजू नका.

मी पोचले. कोळशाच्या गॅसवरची ती मोटार बोथ्याच्या घाटात दोनदा धापा टाकून थांबली आणि आम्हा सगळ्यांना उतरून चालावं लागलं. मला बरंच वाटलं. चालताना डोळे पुसले तर लोक घाम समजतात. तुम्ही मोटारीपर्यंत सोडायला आला नाहीत हेही बरं झालं, नाहीतर खामगावच्या चारचौघांत सायन्स मास्तरांची चांगलीच शोभा झाली असती.

आबांना मी खरं काही सांगितलेलं नाही. पुष्पाचं लग्न वैशाखात आहे, घरात बाईमाणूस नाही, कुरडया-पापड करायला लवकर आले, असं सांगितलं. आबा खूष झाले. "जावई मोठ्या मनाचा हाय, एवढ्या लवकर धाडलं," असं पाटलांच्या ओसरीवर सांगत सुटले आहेत. मी मान हलवते. तुमच्या अब्रूसाठी हलवते असं समजू नका. आबांना रात्री दमा लागतो म्हणून हलवते.

आता नीट वाचा. ते तोडे माझे नव्हते. हे मी त्या दिवशी ओरडून सांगितलं, पण तेव्हा तुमचं लक्ष बॅटरीकडे होतं. आईने जाताना दोन्ही तोडे माझ्या हातात दिले आणि सांगितलं, तू लग्नात घाल, मग सांभाळ, पुष्पाच्या लग्नात तिच्या पायात घाल, आणि ती सासरी निघाली की दोघी एकेक वाटून घ्या. म्हणजे मी राखणदार होते. राखणदाराच्या पेटीला कुलूप नव्हतं, कारण घरात नवरा होता, चोर नव्हता, अशी माझी समजूत होती.

मी तुमच्या आईंबरोबर देवळात गेले आणि तुम्ही पेटी उघडून आईचे तोडे सोनाराकडे नेलेत, आटवून त्यांच्या दोन तारा ओढून आणल्यात आणि फळीला टांगल्यात. का, तर शाळा तपासायला साहेब येणार आणि त्यांना विजेची गंमत दाखवायची.

सोनाराकडे परत जा. तारा आटवायला सांगा आणि होते तसे तोडे घडवून लग्नाच्या आधी इथे पाठवा. पुष्पाच्या सासरकडच्यांना ते तोडे ठाऊक आहेत. सोयरीक जमली तेव्हा आबांनी स्वतः त्यांच्यापुढे सांगितलं होतं, की मायच्या तोड्यांनीच पोरगी उंबरा ओलांडेल. आबांचा शब्द खाली पडला तर मी या जन्मी तुमच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही.

कोकिळा

धाड, ता. २९ मार्च

तुमचं पत्र आलं. चार पानं. त्यांपैकी साडेतीन पानं तारांवर. उरलेल्या अर्ध्या पानात हवापाणी आणि गाय व्यायली. एवढ्या कागदात "चुकलो" हा शब्द कुठे बसला नाही, नाही का?

तुम्ही लिहिता, "दोन तारा शेजारी शेजारी टांगाव्या, दोन्हींतून वीज एकाच दिशेने सोडावी, म्हणजे त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. एकीतली दिशा उलटी करावी, म्हणजे दूर सरतात. मध्ये दोरा नाही, हात नाही, नुसती हवा." कळलं. चौथी पास आहे मी. पण एकाच दिशेने चाललं की ओढ लागते, हे कुणाला सांगता? तुमच्या आई आणि मी दोन वर्षं एकाच चुलीकडे चालतो आहोत. आमच्यात कुठे ओढ लागली?

आणि एक वाक्य तुमच्या हातून निसटलं आहे. ते मी तीनदा वाचलं. "वीज वाहायला चांदी सर्वांत उत्तम. तांबं तिच्याहून किंचितच कमी." किंचितच! मास्तर, किंचित म्हणजे किती ते चौथीतल्या पोरीलाही कळतं. म्हणजे तांब्याच्या तारेने तुमची गंमत झाली असती.

यावर तुम्ही म्हणाल, लढाई चालू आहे, बाजारात तांब्याची तार मिळत नाही, शाळेतली जुनी गेल्या वर्षीच कुणी लांबवली. मान्य. पण चांदीची तरी तार कुठे मिळत होती? ती तुम्ही ओढून घेतलीतच ना? मग न्हाणीघरात तुमच्या आईंचं तांब्याचं घंगाळ आहे. एवढं मोठं की त्यात तुम्ही स्वतः लहानपणी बसून अंघोळ करत होता, हे त्या मला दर दिवाळीला सांगतात. त्याची तार नाही ओढवली? त्यातून साऱ्या शाळेला पुरेल एवढी तार निघाली असती!

या प्रश्नाचं उत्तर पाठवा. वीज, दिशा, हवा यांतलं काही नको. घंगाळ सोडून पेटी का उघडलीत, एवढंच लिहा.

आबा रोज विचारतात, तोडे बरोबर आणले का. मी म्हणते, खामगावच्या सोनाराकडे उजळायला टाकले आहेत. आपल्या बापाशी खोटं बोलायला तुम्ही मला लावलंत. तेही हिशेबात धरा.

कोकिळा

(पोस्टकार्ड)

धाड, ता. ९ एप्रिल

स्वारींच्या चरणी कोकिळेचा साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की इकडे सर्व खुशाल, आपली खुशाली कळवीत असावे. आबांची तब्येत ठीक आहे. ते जवळच बसले आहेत व आपणांस व ती. मातोश्रींस नमस्कार सांगतात. लग्नाची तयारी चांगली चालली आहे. तोडे उजळून झाले असतील तर येणाऱ्या माणसाबरोबर पाठवावे, किंवा स्वतःच घेऊन यावे, असे आबा म्हणतात. जावयांना शाळेतून सुटी मिळेल ना, असेही विचारतात. आपण आलात तर मांडवाला शोभा येईल. कमीजास्त लिहिले असल्यास क्षमा असावी.

आपली,
सौ. कोकिळा

धाड, ता. १० एप्रिल

कालचं कार्ड आबांनी समोर बसून लिहवून घेतलं आणि शेवटी वाचून दाखवायला लावलं. त्यातलं फक्त आबांच्या तब्येतीचं खरं आहे, आणि तेही पुरतं नाही. साष्टांग नमस्कार परत घेतला आहे.

तुमचं दुसरं पत्र मिळालं. निदान घंगाळाचं उत्तर तरी दिलंत. "आईजवळ मागायला जीभ उचलली नाही." बस्स, हेच मला तुमच्या हातचं लिहिलेलं हवं होतं. आईजवळ मागायला जीभ उचलली नाही, आणि माझ्याजवळ मागायचं असतं हे मनातसुद्धा आलं नाही. तिथे परवानगी लागते आणि इथे पेटी उघडी असते. आपल्या लग्नाला दोन वर्षं झाली, आणि त्या घरात मी कोण आहे ते मला या एका ओळीतून समजलं. इतकं स्वच्छ तुम्ही वर्गातसुद्धा शिकवत नसाल.

आणि त्यावर लगेच पुढची मागणी! साहेब वीस तारखेला येणार, तोवर तारा राहू द्याव्या, एकवीस तारखेला सोनाराकडे देतो. माझी परवानगी विचारता आहात असं दिसतं. नाही देत. आता बघू तुम्ही काय करता ते. पण मला ठाऊक आहे. मी नाही म्हटलं काय नि हो म्हटलं काय, वीस तारखेला त्या तारा फळीला टांगलेल्याच असतील.

पुष्पाला कळलं. मी सांगितलं नाही, पण कुरडया घालताना तिने सरळच विचारलं.

"ताई, भाऊजीनं तोडे इकले काय?"

"नाही वं."

"मंग गहान ठेवले?"

"नाही."

"मंग झालं काय त्याईचं? तू तोड्याचं नाव निंगालं का दुसरीकडंच पाहून राह्यली."

मी सांगितलं. ती चीक ढवळता ढवळता म्हणाली, "मले काही नाही वाटत ताई, पन आबा मरतीन." नवरी मुलगी आहे हो ती. तिने आपल्या साडीचा रंग विचारायचे दिवस, आणि ती बापाच्या दम्याची काळजी करते.

कोकिळा

धाड, ता. ३० एप्रिल

पार्सल मिळालं. पोस्टमनने अंगणात हाक मारली तेव्हा आबा ओसरीवर होते. त्यांनीच सही केली, त्यांनीच दोरा सोडला. मी न्हाणीतून येईपर्यंत खोका उघडलेला. आत गुंडाळलेली एक तार, दुसरीचे दोन तुकडे, आणि काडेपेटीत चांदीचे थेंब, जमिनीवरून वेचलेले. वर तुमचं पत्र. ते आबांना वाचता येत नाही हे आपलं नशीब.

पत्र मी नंतर वाचलं. त्यात पहिल्यांदा तुम्ही फक्त झालेलं सांगितलं आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचलं. बॅटरीची टोकं पळभरच लावायची, नाहीतर तार तापते, हे तुम्हाला ठाऊक. पहिल्यांदा लावलीत, तारा एकमेकींकडे आल्या, पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांना जवळचं दिसत नाही. ते चष्मा पुसत म्हणाले, "पुन्हा लावा, आणि धरून ठेवा." तुम्ही धरून ठेवलीत. तार लाल झाली तरी धरून ठेवलीत. साहेब वाकून बघत होते, आणि त्यांना "आता सोडतो" एवढं म्हणायला तुमची जीभ उचलली नाही. मग एक तार मधोमध वितळून तुटली, साहेब म्हणाले "फार छान", आणि हेडमास्तरांच्या खोलीत चहाला गेले.

मला तुमची दया यायला हवी होती का? आली नाही. आईपुढे जीभ नाही, साहेबापुढे जीभ नाही. त्या दोघांपुढे तुम्ही गिळता, आणि त्याची किंमत माझ्या पेटीतून जाते.

आबांना सांगावंच लागलं. समोर मांडलेलंच होतं सगळं. त्यांनी तार हातात घेतली, दिव्याच्या उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हे काय हाय कोके?"

"आईचे तोडे आहेत आबा."

"इकले होते का जावयानं? पैशाची नड होती का? मले सांगायचं होतं."

"विकले नाहीत. त्यांच्या तारा केल्या. त्यांतून वीज सोडली."

"कायले?"

मग मी सांगितलं, आबा, वीज सोडली की दोन तारा आपोआप जवळ येतात, कुणी हात लावत नाही. साहेबांना ते दाखवायचं होतं. हे सांगताना माझाच मला राग आला, कारण मी तुमची बाजू मांडत असल्यासारखं वाटलं. आबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "इकले असते तं समजलो असतो. नड कोनाले नसते? पन हे..." त्या रात्री त्यांना दमा फार लागला.

सकाळी ते काठी घेऊन खामगावला निघाले होते. पुष्पाने काठी लपवली म्हणून राहिले. तुम्ही वाचलात.

खामगावचा सोनार नाही म्हणाला असं तुम्ही लिहिलंत. इथलाही म्हणतो, लग्नसराईत भट्टीला उसंत नाही, तोडे घडवून मिळणार नाहीत. फार तर काडेपेटीतल्या चांदीने तुटकी तार डाख देऊन सांधतो आणि दोन्ही तारा वेटोळी करून पायात बसतील अशा वळवून देतो. तेच ठरवलं. लग्नासाठी आलेली वच्छलाआत्या म्हणते, नवरीच्या पायात डाखाचं घालू नये, अपशकुन. मी म्हटलं, मग पहिला अपशकुन माझ्या नवऱ्याच्या हातून झालाय, तो भोगायला मी आहे, पुष्पाच्या वाट्याचा नाही. मला इतकं तोंड आलं कुठून, असं आत्याला वाटलं असेल. मलाही वाटलं.

लग्नाला येऊ नका. आबांसमोर येऊ नका. तुमच्या आईंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. सांगवलं तर.

कोकिळा

धाड, ता. १७ मे

लग्न झालं.

तुम्ही आला नाहीत. सांगितलेलं ऐकलंत, याबद्दल आभार मानायचे की नाही ते अजून ठरलेलं नाही.

तुमच्या आई मात्र आल्या. एकट्या, मोटारीने, घाटात उतरून चालत, हातात पुष्पासाठी लुगडं. तुम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतंत, आणि त्या दिवशी मी ओरडले तेव्हा त्या देवळातच मागे थांबल्या होत्या. लेकाला शाळेचं काम म्हणून सून लग्नघरी आणि लेक खामगावात, एवढंच त्यांना ठाऊक. मी त्यांच्या पाया पडले आणि लुगडं पुष्पाकडे नेऊन दिलं.

पुष्पाच्या पायात ती वेटोळी घालायला मीच बसले. डाव्या पायात अखंड, उजव्यात डाखाची. सोनाराने काम बरं केलं होतं, पण तोडे ते तोडे. सासरकडच्या बायकांनी वाकून पाहिलं. एकीने विचारलं, "हे काय नवीन?" तेवढ्यात आबाच पुढे झाले. दोन वाक्यं बोलायलाही त्यांना थांबावं लागतं, पण साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मायचेच तोडे हायेत. मोडले, म्हून असे केले. चांदी तीच हाय." वरपक्षाच्या म्हाताऱ्या वामनरावांनी मान हलवली, म्हणाले, "चांदी तीच तं झालं." आणि अंतरपाट धरायला लोक उभे राहिले. माझ्या सबंध दोन महिन्यांच्या खोट्यापेक्षा आबांची ती दोन वाक्यं जड भरली. मी भिंतीकडे तोंड करून रडले. या वेळी कुणी घाम समजलं नाही.

तुमच्या आईंनी ते ऐकलं. संध्याकाळी मला मागच्या परसात घेऊन गेल्या. "मोडले कोनं?" मी सांगितलं. घंगाळाचंही सांगितलं, तुमची ती ओळ जशीच्या तशी. मला वाटलं, आता लेकाची बाजू घेतील आणि मग आमचं जे काय व्हायचं ते होईल. मी तयार होते. पण त्या तिथल्याच एका दगडावर बसल्या.

"मले काऊन नाही मांगलं त्यानं?" म्हणाल्या. "देल्लं असतं मी. घंगाळाचं काय वं? तो त्यातच लहानाचा मोठा झाला. त्याले इतकी मायी भीती वाटते?"

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अन् तुयी नाही वाटली."

हे वाक्य तुम्हाला कळावं म्हणून मी आज हे पत्र लिहायला बसले. तुमच्या आईंनी तांबं दिलं असतं. तुम्ही मागितलं असतंत तर मीही, पुष्पाचं लग्न होईपर्यंत थांबा म्हणाले असते, पण माझ्या वाट्याचा एक तोडा कदाचित दिला असता. तुम्ही दोघींनाही विचारलं नाहीत. एकीला भ्यालात म्हणून, एकीला भ्याला नाहीत म्हणून.

काल पुष्पा निघाली. निघताना तिने आईचं बोलणं पाळायचं म्हणून डाव्या पायातली अखंड तार काढून माझ्यापुढे धरली. "ताई, चांगली तू घे." मी ती परत तिच्या पायात चढवली. दोन्ही तिलाच दिल्या. आईची वस्तू तुमच्या घरातल्या पेटीत मी पुन्हा ठेवणार नाही.

आता एक गोष्ट, जी मी आजवर लिहिली नाही, कारण तुम्हाला तेवढाही आनंद द्यायची इच्छा नव्हती. त्या दिवशी देवळातून आल्यावर तुम्ही मला हाताला धरून फळीपाशी नेलंत, शाळेच्याही आधी, साहेबांच्याही आधी. टोकं लावलीत आणि त्या दोन तारा थरथरून एकमेकींपाशी आल्या, नि चिकटल्या. मी टाळी वाजवली. आठवतं? तुम्ही हसलात. तारा कशाच्या आहेत हे मी त्यानंतर विचारलं. त्या टाळीचा मला इतके दिवस फार राग होता. तुमच्यावरच्या रागापेक्षा जास्त.

सोमवारच्या मोटारीने तुमच्या आईंबरोबर येते आहे. राग गेला म्हणून येत नाही, तो बरोबर घेऊनच येते आहे. आबांनी जा म्हटलं म्हणूनही नाही. ते अजून तुमचं नाव घेत नाहीत.

तारांचं ते जवळ येणं मला पुन्हा एकदा दाखवा. पळभरच. तार मात्र तुमच्या घरची असली पाहिजे, आणि ती कुणाजवळ तरी मागून घेतलेली.

कोकिळा